कुमुदताईंचं गप्प राहणं

'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द ऐकून चेहरा खुललेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. २०१४च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वारसाच्या कागदांसाठी मी डहाणू रोडच्या एका सेवा केंद्रात खेटे घालत होतो. त्या दिवशीही खिडकीतल्या मुलाने ते वाक्य टाकलं, रांगेतून नेहमीचा उसासा निघाला आणि निम्मी माणसं घराकडे वळली. एक बाई मात्र समाधानाने बाकावर टेकल्या. पन्नाशी उलटलेली, विटकी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून शेजारच्या कोळणीपुढे धरली आणि म्हणाल्या, "आता निवांत बोलता येईल."

मग त्यांनी खिडकीतल्या मुलाला विचारलं, "सर्व्हर कुठे असतो हो?" मुलाने कीबोर्डवरचा हात उचलून बोट वर, छताकडे दाखवलं. बाईंनी मान डोलावली. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा माणूस, मला राहवलं नाही. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठे ठेवतात, डेटा कसा येतो-जातो, सगळं मी त्यांना बाकावर बसून समजावलं. त्यांनी अगदी विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि तिथे बसतं कोण?" पुढे त्यांनीच सांगितलं की सर्व्हर कुठे असतो हा प्रश्न त्या प्रत्येक कचेरीत विचारतात आणि आजवर प्रत्येकाने बोट वरच केलं होतं. देव सोडला तर इतक्या एकमताने वर दाखवलं जाणारं दुसरं काही त्यांना माहीत नव्हतं.

ही माझी आणि कुमुदताईंची पहिली भेट. त्या मूळच्या सांगलीच्या. पुण्यात बरीच वर्षं कायदा शिकवला, मग नोकरी सोडली आणि एकाच विषयाच्या मागे लागल्या. एखाद्या कचेरीत, गावात, घरात कॉम्प्युटर आणि मोबाइल आले की तिथल्या माणसांचं, हक्कांचं आणि कामाच्या रीतीचं काय होतं, हा त्यांचा विषय. त्यावर परदेशातल्या मासिकांत त्यांचे लेख आलेले होते. डहाणूच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की एकाच तालुक्याला समुद्रही आहे आणि डोंगरही, बाजारात चार भाषा चालतात, आणि ज्या पाड्यांवर सरकारी कागद अजून धड पोचला नव्हता तिथे एकदम स्क्रीन येऊन पोचला आहे. मधली पायरीच नाही. ती उडी त्यांना बघायची होती. शेंगा संपता संपता त्यांना राहायला खोली हवी आहे हेही मला कळलं, आणि नरपडला आमच्या चिकूच्या वाडीतली बाहेरची खोली रिकामी आहे हे त्यांना.

आईला मी त्यांचा विषय जमेल तसा सांगितला. आईने तो शेजारीपाजारी असा पोचवला की, कॉम्प्युटरमुळे माणसांचं काय बिघडतं ते बघायला पुण्याहून एक ताई आल्यात. झालं. पहिल्याच आठवड्यात बायका तक्रारी घेऊन ओटीवर येऊ लागल्या. कोणाची सून दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसते, कोणाचा नवरा बोटीवर असताना बंदराचं नाव खोटं सांगतो. मला लाजल्यासारखं झालं, पण कुमुदताईंनी प्रत्येकीला चहा पाजला आणि सगळं मन लावून ऐकलं. हेही माझ्याच विषयात येतं, म्हणाल्या.

ऐकणं हा त्यांचा खरा गुण होता. समोरचा बोलायचा थांबला तरी त्या लगेच बोलत नसत. थोडा वेळ तशाच थांबत, आणि त्या थांबण्यात समोरच्याला आणखी काही आठवे. मी वर्गात हे करून पाहिलं, मला जमलं नाही. मुलं हसायला लागली. स्वयंपाक त्यांना अजिबात येत नसे. आईने त्यांना कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडायला शिकवायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा आमच्याकडेच सुरू झाला. बदल्यात त्या आईला संध्याकाळी बातम्या वाचून दाखवत, आणि वाचता वाचता भांडत. भांडण बातमीशी नसे, व्याकरणाशी असे.

"'नाव यादीतून वगळण्यात आलं'," त्या वाचत आणि चष्मा कपाळावर चढवत. "कोणी वगळलं? 'निर्णय घेण्यात आला.' कोणी घेतला?" कर्मणी प्रयोगावर त्यांचा फार राग होता. सरकारी कागदातून माणूस पळून जायचा असला की तो या दारातून जातो, असं त्या म्हणत. आणि आता त्या दाराला कॉम्प्युटर नावाची नवी कडी बसली आहे. आई 'लोक म्हणतात' असं म्हणाली की लगेच प्रश्न यायचा, "लोक म्हणजे कोण, माई?" आई सुरुवातीला चिडायची. लोक म्हणजे लोक, त्यांची काय नावं सांगू, म्हणायची. पण महिनाभरात आईने नावं सांगायला सुरुवात केली, आणि नाव सांगावं लागतं म्हटल्यावर आमच्या घरातल्या निम्म्या चहाड्या आपोआप बंद झाल्या.

त्यांचं काम दोन टोकांना चाले. काही दिवस इथे किनाऱ्यावर, आगर गावापर्यंत पायी जाऊन कोळणींबरोबर सुकवणाच्या परातींशेजारी बसायचं. बाकीचे दिवस तलासरीकडच्या पाड्यांवर. तिकडे त्यांची गाठ सुनीताशी पडली. सुनीता पाड्यावरच्या बचत गटाची पुढारी, तिशीची, लग्न होऊन माहेरीच परत आलेली आणि भावाच्या शेतावर राबणारी वारली बाई. चौथीपर्यंत शिकलेली. बोलायला अशी की कचेरीतला शिपाईसुद्धा तिला बघून उठून उभा राहायचा. कुमुदताई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की थांबत नसत.

सुनीतामुळेच मला कुमुदताईंचा नियम कळला. एकदा मी सुट्टीत त्यांच्याबरोबर तलासरीला गेलो होतो. तिथल्या सेवा केंद्रात सुनीताच्या कागदावर तिच्या पाड्याचं नाव चुकून भलत्याच तालुक्यात पडलं होतं आणि खिडकीतला माणूस तिला तिकडे जायला सांगत होता. चूक कुठे आहे आणि ती कशी दुरुस्त होते हे कुमुदताईंना पूर्ण ठाऊक होतं. मलाही दिसत होतं. मी पुढे व्हायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला. सुनीता तासभर भांडली, शेवटी तिचं काम तिनेच करून घेतलं. बाहेर आल्यावर मी जरा रागानेच विचारलं. त्या म्हणाल्या, "ओहोळाचं पाणी मोजायला आलेल्याने त्यात पाय घालू नये, हेमंतराव. मी तिचं एक काम करीन आणि उद्या निघून जाईन. मग मी नसताना ही माणसं काय करतात हे मला कधीच कळणार नाही." मला ते पटलं नाही, पण त्यांनी ते पाठ केल्यासारखं म्हटलं नव्हतं. दंडावरची पकडही बराच वेळ सुटली नव्हती. मदत न करण्याचे त्यांना श्रम पडत होते.

हा नियम त्यांनी दोन वर्षं पाळला आणि मग मोडला. पाड्यावरून रेशनचं दुकान लांब. बायका उन्हातून चालत जायच्या आणि धान्य आलं नाही असं ऐकून परत यायच्या. कधी आलेलं असलं तरी तेच ऐकून परत यायच्या. तोवर स्वस्तातलं इंटरनेट आलं होतं आणि पाड्यापाड्यावर एखाद-दुसरा टचस्क्रीन फोन दिसू लागला होता. सुनीताने भावाचा जुना फोन घेतला आणि कुमुदताईंना सरळ विचारलं की तुम्ही या मोबाइलवर एवढं लिहिता, तर आम्हाला त्याचा उपयोग करून द्या. कुमुदताईंनी आठवडाभर विचार केला. मग आसपासच्या पाड्यांवरच्या, फोन असलेल्या बायकांचा एक ग्रुप करून दिला. एक अट घातली. ग्रुप मी करून देईन, मी त्यात राहीन, पण मी कधीही काही बोलणार नाही. मी फक्त ऐकेन. चालेल का?

"सासूसारखं," एक बाई म्हणाली.

"सासू बोलते तरी," सुनीता म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ग्रुपवर सगळी बोललेलीच पत्रं. टाकीजवळच्या चढावर रेंज यायची. तिथे उभं राहून बायका सांगायच्या की धान्य आलं, या. नर्स आली, पोरांना आणा. एसटी बंद पडली, चालत निघा. माझी तांबडी कोंबडी कोणाकडे आली का. दुकानदाराला धान्य आलं नाही असं सांगणं अवघड होऊन बसलं. संध्याकाळी आमच्या ओटीवर कुमुदताई एकेक आवाज लावून ऐकत आणि आईही कामं टाकून येऊन बसे. न पाहिलेल्या बायका आईच्या ओळखीच्या झाल्या. तांबडी कोंबडी सापडली की नाही याची चौकशी ती मला सकाळी करत असे. कोणता निरोप कोणी कोणी ऐकला हे फोनमध्ये कसं बघायचं, तेही कुमुदताईंनी बायकांना शिकवलं होतं. म्हणजे निरोप पोचला की नाही याची काळजी नको.

ती दोन वर्षं त्यांच्या सुखाची होती. पुस्तक आकाराला येत होतं. पुण्या-मुंबईहून व्याख्यानांची बोलावणी येत. मोबाइलच्या ग्रुपमध्ये कोणी वावगं काही टाकलं तर ग्रुप चालवणारा त्याला जबाबदार नसतो, असं कायद्याच्या अंगाने मांडणारा त्यांचा एक लेख बराच गाजला होता. वकील मंडळी त्याचा आधार घेत. त्या मात्र व्याख्यानात सुनीताच्या ग्रुपबद्दल बोलायच्या, आणि परत आल्यावर तिला सांगायच्या की पुण्यात तुझं नाव घेतलं. ती विचारायची, "मग काय म्हणाले लोक?" आणि कुमुदताई हसून म्हणायच्या, "लोक म्हणजे कोण?"

२०१८च्या मे-जूनमध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. ती कुठून उठली ते कोणालाच सांगता आलं नाही. फेरीवाल्याच्या वेषात माणसं येतात, खाऊ देऊन मुलांना नेतात, असा एक आवाज आणि त्याबरोबर कुठल्या तरी देशातले भयंकर फोटो फोनवरून फोनवर फिरत होते. आमच्या कॉलेजातल्या शिपायाकडेही ते आले होते. तो सुनीताच्या ग्रुपवर पोचला त्या दिवशी कुमुदताई पुण्यात होत्या. व्याख्यान दुपारी होतं. सभागृहाबाहेर उभं राहून त्यांनी फोन कानाला लावला तर ग्रुपवर तो आवाज आलेला होता आणि त्याच्या मागोमाग सुनीताचा. सुनीता म्हणत होती, "बायांनो, हे मला आलंय. खरं का खोटं, मला कळत नाही. कोणाला ठाऊक असंल तर बोला."

कुमुदताईंनी ते दोनदा ऐकलं. ग्रुपबाहेरून वाहत आलेला हा पहिलाच निरोप होता. तो बायका कशा घेतात, कोण आधी बोलतं, कोण शंका काढतं, हे सगळं त्यांना हवंच होतं. त्यांनी तशी टिपणी केली, फोन बंद करून पिशवीत टाकला आणि आत जाऊन व्याख्यान दिलं. व्याख्यान चांगलं झालं, असं त्यांनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

कानजीभाई हा छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा, गुजरातच्या सीमेपलीकडच्या एका गावचा. पावसाआधी खांद्याला झोळी अडकवून इकडच्या पाड्यांवर फिरायचा. तुटलेल्या काड्या बसवायचा, कापड शिवायचा, आणि पोरं भोवती जमली की झोळीतून त्यांना गोळ्या काढून द्यायचा. त्या दुपारी तो सुनीताच्या पाड्याच्या पलीकडे, जिथे त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, तिथे पोचला आणि सवयीने त्याने गोळ्या काढल्या. नाक्यावरून तरण्या पोरांचा घोळका मारायला धावून आला. त्यात सुनीताचा भाऊ लक्ष्मणही होता. म्हातारा गुजरातीत काहीतरी सांगत होता म्हणे, पण आरडाओरड्यात कोणाला ऐकू आलं नाही. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्या अंगावर पडून त्याला वाचवलं. दर वर्षी तिची छत्री तोच शिवायचा.

कानजीभाई जगला. त्याचा एक कान कायमचा गेला आणि उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी कुमुदताई आल्या त्या थेट तलासरीला उतरल्या, मला फोन करून बोलावून घेतलं. पोलीस ठाण्याच्या आवारात सुनीता आणि पाड्यावरच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. लक्ष्मण आत होता. सुनीता रडत नव्हती. तिने कुमुदताईंकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही ऐकलं होतं ना?"

कुमुदताई हो म्हणाल्या.

"मी बघितलं. कोणी कोणी ऐकलं ते मी बघत होते. तुमचं नाव आलं. म्हटलं, आता बाई बोलतील. खोटं असतं तर बाई बोलल्या असत्या. तुम्ही ऐकलंत आणि गप्प राहिलात, म्हणून मला वाटलं खरं आहे. मग मी लक्ष्मणला सांगितलं."

त्या बोलणार नाहीत असं त्यांनी सांगितलं होतं, अटच होती तशी, हे तिथे कोणीही म्हणू शकलं असतं. मीच म्हणालो असतो. पण मी कुमुदताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याही बायकांच्या ओळीत, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग त्या आत गेल्या. मीही मागोमाग गेलो. टेबलामागचा अधिकारी सभ्य माणूस होता, खुर्ची दिली, पाणी मागवलं. कुमुदताई म्हणाल्या की ग्रुप मी केलेला आहे, निरोप माझ्या समोरून गेला आहे, तो खोटा आहे हे मला कळत होतं, तेव्हा माझं नाव यात घ्या. अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं की ग्रुप करणं हा काही गुन्हा नाही. दारात एक वकील उभे होते, दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला आलेले. त्यांनी कुमुदताईंना ओळखलं आणि मोठ्या आदराने म्हणाले, "मॅडम, याच मुद्द्यावर तर तुमचा लेख आहे. आम्ही तोच दाखवतो."

"मॅडम, तुम्ही काहीच केलेलं नाही," अधिकारी म्हणाला.

"काहीच केलेलं नाही, तेवढंच लिहून घ्या म्हणते मी," कुमुदताई म्हणाल्या.

त्याने ते लिहून घेतलं नाही. तसं लिहिण्याची सोय नव्हती.

नरपडला परतताना जीपमध्ये मी त्यांना धीर द्यायला म्हणून बोललो, की झालं ते झालं, तुमच्या हातात काय होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "झालं म्हणू नका, हेमंतराव. मी केलं. लेख मी बरोबर लिहिला होता, कायद्याने अजूनही बरोबर आहे. पण गप्प राहणं म्हणजे बाजूला राहणं, असं मी धरून चालले होते. त्या पाड्यावर माझं गप्प राहणं हेसुद्धा बोलणंच होतं, आणि ते सुनीताला कळत होतं. मला नाही कळलं."

पुढच्या काही दिवसांत ग्रुप रिकामा झाला. कोणी भांडलं नाही. फोनच्या पडद्यावर फक्त एकेक ओळ येत राहिली, अमकी बाहेर पडली, तमकी बाहेर पडली. कुमुदताईंनी तो फोन माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, बघा, प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. आई आत निघून गेली. शेवटी ग्रुपमध्ये त्या एकट्या उरल्या.

पुस्तक छापायला जाणार होतं. त्यांनी ते परत मागवलं. यावर मी त्यांच्याशी भांडलो, असं भांडण आमचं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, अशी पुस्तकं मराठीत नाहीत, घडलेलंही त्यात घाला, पुढच्या माणसाला उपयोग होईल. त्या म्हणाल्या की घातलं तर ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण होईल, लोक त्याचीच वाखाणणी करतील, आणि कानजीभाईच्या कानावर मी नाव कमावीन. मी म्हणालो, मग ते सोडून बाकीचं छापा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. मला आजही वाटतं की त्यांचं चुकलं. त्यांच्या शंभर गोष्टी पुढच्यांच्या कामाला आल्या असत्या. अजून कधीमधी एखादा तरुण अभ्यासक फोन करतो, ताईंचं हस्तलिखित तुमच्याकडे आहे का विचारतो. माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही.

त्यानंतर त्या लिहीत नव्हत्या. कानजीभाई ज्या दवाखान्यात होता तिथे जायच्या, तो घरी गेल्यावर घरी जायच्या. पहिल्यांदा त्याच्या बायकोने त्यांना दारातच उभं केलं होतं. त्यांनी तिला कारण सांगितलं, तोडक्यामोडक्या गुजरातीत, काही न लपवता. तिने दार लावून घेतलं. पुढच्या खेपेला त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला बायकोने पाट दिला, पाणी दिलं नाही. हे त्यांनीच आईला सांगितलं, आणि ही बाई बरोबर वागते असंही म्हणाल्या. पुढे कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या तेव्हा त्या प्रत्येक तारखेला कानजीभाईला आणायला सीमेपलीकडे जात आणि परत पोचवत. दुसऱ्या बाजूने सुनीता यायची, लक्ष्मण जामिनावर सुटला होता, त्याच्याबरोबर. सुनीताशी कुमुदताईंचं बोलणं होत नसे. लक्ष्मणसाठी वकील मिळत नव्हता तेव्हा मात्र त्यांनी पुण्याच्या आपल्या एका विद्यार्थ्याला पाठवून दिलं. आपण पाठवलं हे सांगायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. ते सुनीताला कळलं असणारच. तिला सगळं कळायचं.

आमच्याकडे त्या कमी बोलायला लागल्या होत्या. आई कधी सवयीने 'लोक म्हणतात' म्हणून जायची आणि प्रश्नाची वाट बघत थांबायची. प्रश्न यायचा नाही. मग आई स्वतःच नाव सांगून टाकायची. २०१९च्या सुरुवातीला त्यांनी खोली सोडली, तलासरीलाच एक खोली बघितली, तिथून जाणं-येणं सोपं पडतं म्हणाल्या. आईने बरणीभर सुकट दिली. ती कशी शिजवायची हे त्यांना येणार नाही हे आईला माहीत होतं, तरी दिली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी, तलासरीच्या नाक्यावर. परीक्षेच्या कामासाठी मी तिकडच्या कॉलेजात गेलो होतो आणि परतीच्या गाडीसाठी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. समोर डहाणूहून आलेली एसटी थांबली आणि तिच्यातून लक्ष्मण उतरला, मग सुनीता, मग थोड्या वेळाने कानजीभाईचा हात धरून कुमुदताई. तारखेहून परतत असणार. डहाणूहून त्या वेळी तलासरीला येणारी गाडी एकच, म्हणून फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीने आले होते. उन्हाचे सगळे एकाच पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले. एका टोकाला बहीण-भाऊ, दुसऱ्या टोकाला बाकावर म्हातारा, आणि त्याच्या शेजारी, चांगल्या कानाच्या बाजूला, कुमुदताई. केस पार पांढरे झाले होते.

कानजीभाईने मोठ्याने विचारलं, ऐकू कमी येणारी माणसं विचारतात तसं, "बेन, साहेबे शुं कह्युं?" साहेब काय म्हणाले, हे त्याला कोर्टात ऐकू आलं नसावं. कुमुदताईंनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागल्या. मधल्या वाहनांच्या आवाजात मला शब्द कळत नव्हते, पण त्या एकेक गोष्ट हाताच्या बोटांवर धरून सांगत होत्या, आणि म्हातारा मान हलवत होता. त्याला एखादी गोष्ट कळली नाही की त्या पुन्हा पहिल्यापासून सांगत. कानजीभाईला मारलं तेव्हापासून एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सुनीता तिकडे बघत होती. मग तिने लक्ष्मणच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, शेडखालून चालत आली आणि कुमुदताईंपुढे धरली. कुमुदताईंनी ती घेतली, झाकण काढलं आणि कानजीभाईच्या डाव्या हातात दिली. तो प्यायला. बाटली आली तशीच परत गेली.

सीमेकडे जाणारी जीप आली. कुमुदताईंनी म्हाताऱ्याला वर चढवलं आणि त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसल्या. मी रस्त्यापलीकडून हात केला. मध्ये ट्रक येत होते. जीप हलली तेव्हा त्यांचं तोंड त्याच्या कानाशीच होतं, आणि सांगायचं अजून संपलेलं नव्हतं.